गट नंबर दोनशे चौदा

खोटं बोलायला मला कुणी शिकवलं नाही, ते आमच्या घराण्यातच आहे. माझे आजोबा सांगायचे की आमच्या गावचा उन्हाळा इतका कडक, की भर दुपारी झाडाची सावली उठून ओसरीवर येते आणि प्यायला पाणी मागते. मी त्यात एवढीच भर घातली, की पाणी पिऊन झाल्यावर ती भांडं विसळून पालथं ठेवते.

पण हे सगळं तोंडी. लिहिताना मी सरळ माणूस. चौतीस वर्षं जमिनीच्या दप्तरात कारकुनी केली. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, खाली सही. एक आकडा इकडचा तिकडे झाला की दोन सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन बांधावर उभे राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून जिभेला मोकळीक आणि हाताला शिस्त, असं माझं आयुष्यभर चाललं. निवृत्त झालो आणि नासेरभाईनं त्यावर पाणी ओतलं.

नासेरभाई म्हणजे जवळा बाजारच्या आठवडी बाजारात कापूस-सोयाबीनच्या आडतीपलीकडे चादर पसरून बसणारा जुन्या वस्तूंचा दुकानदार. पितळी कुलपं, अडकित्ते, निजामाच्या वेळचे पैसे, किल्ली हरवलेली घड्याळं. मी दर बाजाराला त्याच्या चादरीच्या कडेला जाऊन बसायचो. एकदा नांदेडकडच्या एका गिऱ्हाइकानं एक तांब्याचं नाणं उचललं आणि विचारलं, "हे आलं कुठून?"

नासेरभाई म्हणाला, "जमिनीतून."

गिऱ्हाईक निघालं. मला ते सोसवेना. मी म्हणालो, "अहो, जमिनीतून तर कांदापण येतो. हे नाणं एका हत्तीच्या पोटातून आलंय." आणि पुढची वीस मिनिटं मी त्या हत्तीला पूर्णेच्या पुरात पोहायला लावलं. गिऱ्हाइकानं नाणं तर घेतलंच, वर दोन अडकित्ते घेतले.

तो गेल्यावर नासेरभाई म्हणाला, "पंत, तुमी बोलता ते हवेत जाऊन राहिलं. जरा कागदावर द्या ना."

इथून सुरुवात झाली. नाण्याबरोबर कागद. वर 'कैफियत' असं ठसठशीत, खाली माझं वळणदार अक्षर. कोणतं नाणं, कुणाच्या हातून, कुठल्या मातीतून, कसं बाहेर आलं. माझा वाटा काय? गरम भजी आणि ऐकणारा माणूस. पण हात कारकुनाचा. चतुःसीमा नसलेली गोष्ट मला उघडी वाटायची, सही नसलेल्या फेरफारासारखी. मग मी प्रत्येक कैफियतीत गाव घालायचो, दिशा घालायचो, आणि शेवटी मनाला येईल तो एक गट नंबर ठोकून द्यायचो.

गेल्या वर्षी जळबा बाजारात आला. जळबा पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणात मासे धरतो. त्याच्या बापानं एकदा एवढा मरळ धरला होता, की तो काठावर ओढला तेव्हा धरणाचं पाणी दोन बोटं उतरलं आणि खालच्या गावांनी तक्रार केली. असो. जळबानं बापाचं एक जीर्ण जाळं आणलं होतं, फेकून मारायचं, गोल. अशा जाळ्याच्या घेराला शिसं ओवलेलं असतं, म्हणजे जाळं पाण्यात पडलं की कडा झटकन तळाला जातात. नासेरभाईनं ते भंगाराच्या भावानं घेतलं आणि शिशाच्या चकत्या काढून चिंचेच्या कोळात घासल्या.

एका चकतीवर हत्ती निघाला. सोंड वर केलेला. मागच्या बाजूला फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं.

 नासेरभाईनं हातानं मला जवळ बोलावलं. "पंत, सातवाहन हाय हे. दोन हजार वर्षांचं. आणि सगळ्याला भोकं!"

भोकं पाडली होती जळबाच्या बापानं. एका कोरड्या वर्षी धरण आटलं, गाळ उघडा पडला, आणि त्या गाळात त्याला एक मडकं सापडलं. आत शिशाच्या चकत्या. आता मडक्यात शिसं जपून कोण ठेवणार? दुसरा मासे धरणाराच. पूर्वीच्या कुणा भल्या माणसानं जाळ्यासाठी ठेवलं आणि राहून गेलं, असं समजून त्यानं हात जोडले, चकत्यांना भोकं पाडली आणि दोन जाळ्यांना पुरवून पुरवून ओवल्या. राजाच्या टांकसाळीतले हत्ती पन्नास वर्षं पूर्णेच्या तळाशी मासे घेरत फिरले. या गोष्टीत मला काही घालावंच लागलं नसतं. आणि हीच मी लिहिली नाही.

कारण भोकामुळे नाण्याची किंमत पडत होती. नासेरभाई म्हणाला, "भोकाचं काहीतरी करा." मी केलं. लिहिलं की ही नाणी एका राणीच्या कंबरपट्ट्यातली. राणी राजावर रुसली आणि पट्टा विहिरीत भिरकावून दिला. ती विहीर खणताना हे हाती लागलं. कुठली विहीर? लेखणी थांबली. मग आपोआप चालली. गट नंबर दोनशे चौदा. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गायरान, उत्तरेस कालवा, दक्षिणेस गाडीवाट. लिहून झाल्यावर मला स्वतःलाच ती विहीर दिसायला लागली.

मुन्नाशेठ म्हणून एक मोठ्या शहरातला व्यापारी आला, गॉगल लावून. चाळीस नाणी आणि चाळीस कैफियती घेऊन गेला. जाताना माझ्या पाया पडला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

*

या एप्रिलात एका बाजारच्या दिवशी आम्ही दोघं भजी खात बसलो होतो, तर समोरून रहमतबी आली. कलीम बांगडीवाल्याची बायको. कलीम माझा दोस्त, जाऊन नऊ वर्षं झाली. रहमतबीनं बांगड्यांचं दुकान विकून कालव्याजवळच्या तुकड्यात विहीर खणायला काढली होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तिच्या हातात कागद होता आणि मुठीत तो चोळामोळा झाला होता.

"काका, हे वाचा. तलाठ्यानं वाचून दाखवलं, पण मला काही उमगंना. राणीचा कंबरपट्टा माझ्या विहिरीत कवा पडला?"

वरचा कागद नोटीस होती. खाली जोडलेली झेरॉक्स माझ्या अक्षरातली.

मुन्नाशेठ ती नाणी मोज्यांत घालून विमानतळावर गेला होता. शंभर वर्षांपलीकडची वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी आहे. पकडल्यावर त्यानं माझी कैफियत काढून दाखवली: मी चोर नाही, हे बघा, नाणी कुठून आली ते सगळं लिहिलेलं आहे. मग कागद फिरत फिरत पुरातत्त्वाच्या मॅडमकडे आला. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर ते कलेक्टरला कळवावं लागतं, असा इंग्रजांच्या वेळचा कायदा आहे. रहमतबीनं काही कळवलं नव्हतं. चौकशी होईपर्यंत गट नंबर दोनशे चौदामध्ये खणणं बंद.

नासेरभाई हातातल्या भज्याकडे असा बघत होता जणू त्यावरही हत्ती उमटलाय.

"तुमच्या जमिनीचा नंबर दोनशे चौदा?" मी विचारलं. 

"व्हय. तुमीच तर फेरफार लिवला होता, कलीम गेल्यावर."

म्हणजे तो नंबर हातानं बनवला नव्हता. हाताला तो आठवला होता. ओढा, गायरान, कालवा, गाडीवाट, सगळं.

"अडतीस फूट झालं, काका. ओल लागली. आता दगडाचं कडं बांधायचं बाकी हाय. मधल्या थराची माती लई पिवळी, ठिसूळ. माझा विहीरवाला प्रेमसिंग म्हनतो कालव्याला पाणी सुटायच्या आत कडं अर्ध्यावर आलं पाह्यजे. न्हाईतर पाझर लागला की सगळी विहीर आत बसंल. कालवा गुरुवारी सुटून राहिला."

तो दिवस शुक्रवार होता.

"मी बघतो," मी म्हणालो. आणि काय बघतो ते तिला सांगितलं नाही.

*

त्या दिवसापासून माझं बूड कुठे टेकेना. जेवायला बसलो की उठायचो. तारा, माझी बायको, म्हणाली, "तुमच्या पायात कोळसे भरलेत का?" चप्पल घालायची, फाटकापर्यंत जायचं, परत यायचं. सोमवार उजाडायला तीन दिवस लागतात हे मला त्या आठवड्यात समजलं.

सोमवारी सकाळच्या बसनं मी तालुक्याला गेलो. पुरातत्त्वाच्या त्या नीलांबरी मॅडम वयानं माझ्या धाकट्या मुलीएवढ्या, केस बांधलेले, टेबलावर नकाशे. चौकशीसाठी आठवडाभर त्यांना तिथं एक खोली दिली होती. खरं सांगावं असं ठरवून गेलो होतो, देवाशप्पथ. पण खुर्चीत बसल्यावर जिभेनं सवयीचा रस्ता धरला.

"मॅडम, त्या कागदात जी विहीर आहे ना, ती ही नव्हे. ती जुनी. केव्हाच बुजली. आताच्या विहिरीचा काही संबंध नाही."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या आणि नकाशा पुढे ओढला. "कुठे होती जुनी विहीर?"

मी बोट ठेवलं. पश्चिमेच्या बाजूला, गायरानाला लागून, जिथे फक्त बाभळी आहेत.

दुपारपर्यंत बंदीचा दुसरा कागद निघाला. आता गायरानाची ती बाजूही बंद. आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सरकारला दोन विहिरी सापडल्या, एकीत पट्टा आहे, दुसरीत राणी.

मंगळवारी मी शेतावर गेलो, तर तिथे जत्रा. बाया, बापे, परगावच्या दोन मोटारसायकली. कुणी काठावर नारळ फोडून गेलं होतं, कुणी लिंबं टाकली होती. एक माणूस दोरीला लोहचुंबक बांधून विहिरीत सोडून बसला होता. शिशाला चुंबक लागत नाही हे त्याला सांगणार होतो, पण मला शिसं कसं माहीत, असं त्यानं विचारलं असतं. गर्दीच्या पायांनी काठाची माती ढासळून खाली पडत होती. पडली की बऱ्याच वेळानं डुबुक आवाज यायचा. तेवढं पाणी आलं होतं.

रहमतबी काठी घेऊन काठाशी बसली होती. उन्हानं तिची मान काळी ठिक्कर पडली होती.

"ए, मागं सरक! तुज्या बापाची विहीर हाय का?" मग मला बघून, "या काका. बसा. तुमची राणी अजून वर आली न्हाई."

प्रेमसिंग विहिरी खणणारा. त्याची माती उपसायची क्रेन तोंडाशी उभी होती आणि त्याची चार माणसं क्रेनच्या सावलीत पत्ते कुटत होती. तो माझ्यावरच ओरडला, "पंडितजी, मॅडम बोली हाथ मत लगाओ. ठीक है. मैं खाली कब तक बैठूं? उद्या सकाळी मी सेनगावला चाललो. तिकडं दोन विहिरी धरल्यात मी."

"जा ना," रहमतबी शांतपणे म्हणाली. "हॅन्डल बिगर क्रेन चालती का?"

क्रेनच्या इंजिनाचं हॅन्डल तिच्या ओढणीखाली होतं. सकाळपासून ती त्याच्यावरच बसली होती म्हणे.

प्रेमसिंगनं कपाळावर हात मारला. गर्दी हसली. रहमतबी हसली नाही. तिनं कमरेच्या पिशवीतून एक घडी घातलेला, कडा पिवळ्या पडलेला कागद काढला आणि नोटिशीच्या झेरॉक्सशेजारी मातीवर ठेवला. कलीमनंतरचा फेरफार.

"काका, मला वाचता येत न्हाई. पण बांगडीवर नक्षी कुणाच्या हातची ते मी लांबून वळखत होते. ह्या दोन्ही कागदांवर अक्षराच्या शेपट्या एकसारख्या वळल्यात. हे तुमचं हाय ना?"

आयुष्यात पहिल्यांदा मला गोष्ट सुचली नाही.

"माझंच," मी म्हणालो.

"आन् राणी?"

"राणी नाही. पट्टा नाही. तुझ्या विहिरीत काही सापडलं नाही. मी बसल्या जागी लिहिलं."

ती ओरडेल असं वाटलं. कागदाची घडी घालत ती म्हणाली, "लोकं म्हनून राहिले रहमतबीनं सोनं दडवलं. माझी पोरगी रुक्सार सासरी हाय. तिची सासू काल इचारून गेली, आमच्या वाट्याचं किती. तुमाला हसू येत असंल."

"नाही येत."

"मग जा. जसं तिथं खोटं लिवलं, तसं हे खरं लिवून द्या."

*

त्याच संध्याकाळी नासेरभाईच्या घरी मी जळबालाही बोलावलं. खरं सांगायचं तर नाणी जाळ्यातून आली हे सांगावं लागणार. म्हणजे नासेरभाईकडे जुन्या वस्तू विकायचा परवाना नाही हे उघडं पडणार, आणि जळबाच्या बापानं मडकं सरकारला कळवलं नाही हेही.

जळबा दारातच उकिडवा बसला. "माहा बाप चोर व्हता का? मडकं घावलं, त्यानं कामाला लावलं. तुमी त्याला ठाण्यात उभा करनार, मेल्यावर?"

"त्याला कोण उभं करतंय?"

"दुसरं जाळं अजून माह्यापाशी हाय. त्याच्यावर माहं घर चालतं. ते घेऊन जातीन."

नासेरभाई म्हणाला, "पंत, तुमी अशी काही गोष्ट बनवा ना, की रहमतबी आपा बी सुटंल आन् आपुन बी."

"बनवली होती. सोमवारी. गायरानावर पोलीस बसलाय."

 शेवटी मी म्हणालो, "तुमचं नाव मी घेत नाही. कागद माझा आहे, मी माझ्यापुरतं बोलतो."

बुधवारी पहिल्या बसनं गेलो. बस इतकी हळू चालली, की वाटेत एक म्हैस आम्हाला ओव्हरटेक करून गेली आणि कंडक्टरनं तिला हात केला. एरवी मी ही गोष्ट महिनाभर पुरवली असती.

मॅडमना म्हणालो, "कैफियत खोटी आहे. मी लिहिली. जुनी विहीरही खोटी."

त्यांनी चष्मा काढला. "काका, परवा तुम्ही म्हणालात विहीर खरी. आज म्हणता खोटी. या कागदातला गट खरा, चारही दिशा खऱ्या, विहीर खणणं चालू, तेही खरं. एवढं सगळं कुणी बसल्या जागी लिहितं? बाईंनी तुम्हाला पाठवलंय का?"

खरं बोललो तर हे बक्षीस.  घड्याळात साडेदहा. टेबलावर त्यांच्या पंख्याचा निखळलेला एक नट पडला होता. मी तो उचलला.

"एक कोरा कागद द्या."

दहा मिनिटांत मी त्या नटाची कैफियत लिहिली. एका यवन व्यापाऱ्याची बोट पूर्णेत अडकली, तिच्या सुकाणूचा हा नट, पुढे एका गुरवानं तो देवळाच्या घंटेला लावला, घंटा पडली ती अमुक शेतात, पूर्वेस नाला, पश्चिमेस चिंचेचं झाड, गट नंबर अमुक. खाली सही.

मॅडमनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. तलाठी सोमेश्वर बाहेर बसला होता, त्याला हाक मारून विचारलं, "हा गट कुणाचा?"

सोमेश्वरनं नंबर पाहिला आणि दचकला. "मॅडम, माझ्या सासऱ्यांचा. का? काय सापडलं?"

मॅडमना हसू आवरेना. पाणी प्यायल्या. मग हसणं ओसरलं आणि त्यांनी तो नट माझ्यासमोर ठेवला.

"पटलं. कागद खोटा. पण नाणी खोटी नाहीत, काका. चोरी झाली तर वस्तू जाते. तुम्ही वस्तूची जागा नेलीत. आणि नेऊन भलतीकडे ठेवलीत. तुमच्या कागदावरून एका अभ्यासकानं दोनशे चौदावर नकाशात टिंब काढलंय. लेख छापून आलाय. उद्या विद्यार्थी तेच पाठ करतील."

मी चौतीस वर्षं नकाशे सांभाळले होते. कुणी बांधाची रेघ सुईएवढी सरकवली तरी त्याला दारातून हाकललं होतं. 

"नाणी नेमकी कुठून आली हे कळेपर्यंत मी त्या जमिनीवरची बंदी उठवायची शिफारस करू शकत नाही. सांगा."

 तोंड उघडलं असतं तर जळबाचं जाळं गेलं असतं. मिटलं तर रहमतबीची विहीर. मी नुसता खुर्चीच्या दांड्याला घट्ट धरून बसलो. बाहेर कुणीतरी खाकरलं.

दारात जळबा उभा होता, खांद्यावर जाळं. त्याच्यामागे नासेरभाई, चादरीचं गाठोडं काखेत.

"कवाचं खिडकीखाली उभं हाओत," जळबा म्हणाला. "पंतांनी माहं नाव घेतलं न्हाई. मंग मलाच घ्यावं लागलं. मॅडम, हे बघा."

त्यानं जाळं टेबलावर टाकलं. कडेच्या चकत्या नकाशांवर खणखणल्या नाहीत, शिसं वाजत नाही, धपधप पडल्या. मॅडमनी एक चकती बोटानं चोळली, मग दुसरी.  मग खुर्ची सोडून जमिनीवरच बसल्या आणि जाळ्याचा घेर हातांनी फिरवत गेल्या.

"कुठे सापडलं मडकं? दाखवाल?"

"दावीन ना. पर आता तिथं तीन पुरुष पानी हाय. धरण आटलं की दावीन. वळणावर, जुन्या नावघाटाच्या खाली." जळबानं जागा अशी सांगितली जणू घरातला कोनाडा. त्यात त्यानं काही घातलं नाही, काही गाळलं नाही. मला तसं कधीच जमलं नाही.

"जाळं जमा करावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "पावती देते. कलेक्टर किंमत ठरवतील, सापडणाऱ्याचा वाटा कायद्यात आहे. मी तसं लिहीन."

"तंवर मासे कशानं धरू?"

मॅडमनी पावतीसाठी कागद पुढे ओढला. 

नासेरभाईनं कुणी न सांगता गाठोडं सोडलं आणि सगळा माल समोर मांडला.

आमच्यावरचा खटला अजून चालू आहे. तारखेला आम्ही तिघं एकाच जीपनं जातो आणि जळबा आमच्याशी बोलत नाही. नासेरभाईची चादर बंद झाली. त्या अभ्यासकाला मी पत्र लिहिलं, टिंब पुसा म्हणून. त्याचं उत्तर आलेलं नाही.

*

बंदी उठल्याचा कागद त्याच बुधवारी तीन वाजता निघाला. एक अट होती: विहिरीचं काम मॅडमसमोर होईल, आणि काही निघालंच तर नोंद होईल. मॅडमच्या गाडीतून आम्ही शेतावर पोचलो तेव्हा साडेचार. रहमतबीनं कागद हातात घेतला, सोमेश्वरकडे बघितलं, त्यानं मान हलवली, तशी ओढणीखालून हॅन्डल काढून तिनं प्रेमसिंगला दिलं. "घे. गरम झालंय, सांभाळून."

मी पुढे झालो. काय बोलावं ते जुळवत होतो. तिनं माझ्या हातात घमेलं दिलं. "आता गोष्ट नगं. धरा."

सहासष्ट वर्षांच्या माणसानं घमेलं किती उचलावं? मी खडीचा चुरा मूठमूठ नेला असेल. पण नेला. जळबाही आला होता, माझ्याकडे पाठ करून दगड देत होता. अंधार पडेपर्यंत चार थर लागले. गुरुवारी तांबडं फुटताच पुन्हा काम सुरू. नऊ वाजता उत्तरेकडून आवाज आला, कोरड्या चारीत पाणी शिरतं तेव्हा होतो तसा. कालवा सुटला.

 दगड, सिमेंट, दगड. प्रेमसिंग काठावर पालथा पडून भिंतीकडे बघत होता. अकराच्या सुमाराला पिवळ्या थरातून एक धार फुटली, बोटाएवढी. मग दुसरी.

"बाहर! सब बाहर!" तो ओरडला. माणसं दोरीवरून वर आली आणि शेवटच्याचा पाय काठावर पडतो न पडतो तोच पूर्वेची बाजू सुटली. बैलगाडीएवढा ढेकूळ खाली गेला. धूळ वर आली. रहमतबी काठापर्यंत सरकली. तिला धरायला मी हात पुढे केला, तिनं तो झटकला.

धूळ बसायला किती वेळ लागला ते विचारू नका. मी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. मग प्रेमसिंग म्हणाला, "कडं हाय. दोन थर गेले वरचे. खालचं हाय."

कडं उभं होतं. एका बाजूला मातीचा ढीग, आणि ढिगाखालून, कड्याच्या दगडांमधून, गढूळ पाणी वर येत होतं. ढीग उपसायला संध्याकाळ झाली. क्रेनचं प्रत्येक टोपलं मॅडम चाळणीवर ओतून घेत होत्या. गर्दी पुन्हा जमली, टाचा उंचावून. चाळणीत खडे निघाले, मुळ्या निघाल्या, एक खेकडा निघाला. राणी निघाली नाही.

सोमेश्वर बाजेवर बसून पंचनामा लिहीत होता. मॅडमनी सांगितलं आणि त्यानं मोठ्यानं वाचत लिहिलं, "मौजे मजकूर, गट नंबर दोनशे चौदा येथील विहिरीत पंचांसमक्ष पाहणी केली असता काहीही सापडले नाही."

"थांबा," रहमतबी म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत चिखलात होते. "काहीही न्हाई कसं? पाणी सापडलं न्हाई का? ते लिवा."

"बाई, तसा रकाना नाही यात."

"मग करा. दोन विहिरींच्या, राणीच्या, सोन्याच्या गोष्टी लिवल्या न्हाई का लोकांनी? मला ह्या कागदाची नक्कल पाह्यजे. रुक्सारच्या सासूला दावायची हाय."

सोमेश्वरनं मॅडमकडे पाहिलं. मग सवयीनं माझ्याकडे पाहिलं, शब्द सुचवा म्हणून. माझ्या जिभेवर चार-पाच आले होते. मी घमेलं उचललं आणि ढिगाकडे गेलो.

मागून मॅडमचा आवाज आला, "लिहा. पाणी सापडले. किती फुटांवर ते बाईंना विचारा."

"छत्तीस," रहमतबी म्हणाली. "आन् वर येऊन राहिलं."